दोन पंप मारले की लागतो ब्रेक!

हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल, तर तुम्ही नातेवाईकांची जुनी गाडी कधी मागितली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. दिवाळीत शिरूरला मामांनी माझ्या हातात किल्ली देताना नेमकं हेच सांगितलं. "पहिल्या दाबाला जरा खाली जातो, दोन पंप मारले की लागतो. दौंडपर्यंत काय, सरळ रस्ता आहे."

रस्ता सरळच आहे हो! पण उसाचा हंगाम सुरू झाला होता. न्हावऱ्याच्या अलीकडे शेतातून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. दुसरा पंप मारला तेव्हा गाडी थांबली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. मागच्या सीटवर मामींच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता, तो पुढे माझ्या खांद्यावर आला. गाडी तिथेच बाजूला घेतली आणि क्रेन बोलावली.

गॅरेजमध्ये गाडी वर उचलल्यावर सगळा उलगडा झाला. मागच्या चाकाकडे जाणारी लोखंडी ब्रेक नळी क्लिपखाली अडकलेल्या चिखलाने गंजली होती. कोणीतरी ती मधेच कापून तिथे फ्रिजची तांब्याची नळी जोडली होती. जोडावर नळ बसवणारे वापरतात ती पांढरी टेप गुंडाळलेली! आणि त्या टेपवरून ब्रेक ऑइल ठिबकत होतं.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. नळी गंजण्यावर नाही, लोखंड गंजणारच. नळी दुरुस्त करण्यावर तर मुळीच नाही. माझा राग त्या "लागतोय ना?" वर आहे.

टायरमध्ये आपण साधारण ३० पीएसआय हवा भरतो. जोरात ब्रेक दाबल्यावर त्या ४.७५ मिलिमीटरच्या नळीत १००० पीएसआयच्या वर दाब जातो. गॅरेजच्या दारात हळूच ब्रेक मारून पाहताना यातला थोडासाच दाब येतो. म्हणजे जोड कच्चा असेल तर तो दारात टिकतो आणि ट्रॉली समोर आली की दगा देतो. त्यात हल्लीच्या गाड्यांना ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात. एक गळली तरी दुसरी थोडंफार काम करते. ही सोय गाडी कडेला घेऊन थांबवता यावी म्हणून दिलेली आहे, आपण तिच्यावर वर्ष काढतो!

बरं, नीट दुरुस्ती फार मोठी विद्या आहे का? नाही. माझ्यासमोर एका मेकॅनिकने ती केली. नळी हॅक्सॉने न कापता गोल फिरणाऱ्या कटरने कापली, आतली कूस साफ केली, आधी नट ओवला (हे विसरलं की सगळं पुन्हा!). मग नळी फ्लेअरिंग टूलमध्ये घट्ट धरली. पहिल्या दाबाने तोंड फुगवलं, दुसऱ्याने ते आत दुमडून ४५ अंशांचं केलं. म्हणजे तोंडाशी पत्र्याचे दोन थर. हाच डबल फ्लेअर. एकाच थराचं तोंड ठोकून पसरवलं तर ते चिरतं. नट आवळला की हे तोंड समोरच्या धातूवर बसतं आणि गळती बंद होते. तिथे टेपचं काहीच काम नसतं. काही गाड्यांत तोंड नुसतं फुगलेलं असतं, तो वेगळा प्रकार, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शेवटी सीलबंद डब्यातलं नवं ब्रेक ऑइल, एअर काढणं, आणि इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरत प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहणं. फडकं कोरडं राहिलं तरच गाडी खाली.

मामा म्हणाले, "तांबं गंजत नाही, मग वाईट काय?" गंजत नाही हे खरं. पण हादऱ्यांनी नुसतं तांबं कडक होतं आणि तडकतं. गंजाचीच भीती असेल तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी असते. व्होल्वोने ती १९७६ पासून आपल्या गाड्यांत वापरली.

"मग शोरूमलाच जा," असं म्हणणारेही आहेत. मला तेही पटत नाही. नळी तयार मिळाली तर उत्तमच. पण योग्य नळी आणि योग्य टूल असेल तर शिरूर-दौंडच्या गॅरेजमध्येही ते तोंड तितकंच पक्कं बनतं. शिरूरपासून जवळच रांजणगावला फियाटने गाड्यांचा कारखाना काढला, गाड्या तपासणारी एआरएआय संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. अशा जिल्ह्यात गॅरेजवाल्याकडे साधं फ्लेअरिंग टूल नसावं?

नसतं, कारण आपण मागत नाही! सीट कव्हरचा रंग निवडायला आपण तासभर घालवतो आणि ब्रेकच्या नळीसाठी "दादा, चालवून घ्या की" म्हणतो. तो चालवून घेतो. टेप त्याने गुंडाळली, पण गुंडाळायला आपणच सांगितलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढंच विचारा: "डबल फ्लेअर करता का?" नाही म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या, तीही चालवत नव्हे.

मामा, वाचत असाल तर रागावू नका. गाडी तयार आहे, आता पहिल्याच पंपाला लागतो. चिवडा मात्र मामींना पुन्हा करावा लागेल.