तुटका बोल्ट आणि चाचांची मेणबत्ती

सकाळी साडेसहाला माझी झोप मोडली ती एका आवाजानं. टिक-टिक-टिक-टिक! अंगणात मामाची पांढरी पिकअप सुरू करून ठेवलेली होती आणि बॉनेटखालून कुणीतरी जीभ टाळूला लावून सारखं ‘च्च च्च’ करावं तसा तो आवाज येत होता. दहा मिनिटांत तो जवळजवळ बंद झाला. ‘‘पाहिलंस ताई? गरम झाली की आपोआप राहते,’’ असं म्हणत मामेभाऊ चहा प्यायला आत आला. मीही पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

आता खरं सांगा, आपण तरी काय वेगळं करतो? लॅपटॉप हँग झाला की रीस्टार्ट. पाठ दुखली की स्प्रे. आवाज थांबला म्हणजे प्रॉब्लेम संपला, हा आपला लाडका फंडा. तो किती फसवा आहे, हे मला पुढच्या तीन दिवसांत कळलं, तेही एका गॅरेजमध्ये, हातात मोबाइलचा टॉर्च धरून!

आजोळ माझं जाफराबाद, जिल्हा जालना. (मॅपवर नुसतं जाफराबाद टाकलंत तर तुम्ही गुजरातच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचाल, तेव्हा जिल्हा बघूनच निघा.) आमच्या जाफराबादला समुद्र नाही, पण पूर्णा आणि केळणा या दोन नद्यांचा संगम आहे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मिरची आहे. शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार या पट्ट्यात सगळ्यांना माहीत असतो. दिवसभर तोडणी, संध्याकाळी पोती भरायची, रात्री गाडी रस्त्याला. सीझनमध्ये मामाच्या घरी पंखा बंद पडला तर चालतो, पिकअप बंद पडून चालत नाही. गाडीचा हप्ताही तीच भरते, आणि मामेबहिणीच्या होस्टेलची फीसुद्धा.

चाचांचा एक प्रश्न

त्या दिवशी दुपारी गाडी चढाला दम टाकायला लागली. काळा धूर, ओढ नाही, डिझेल मात्र पहिल्यापेक्षा जास्त. मग नाइलाजानं गॅरेज. तिथले मिस्त्री सगळ्या गावाचे चाचा. जालना वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे १९८१ मध्ये, पोरवयात त्यांनी पाना हातात घेतला, असं ते स्वतःच सांगतात.

चाचांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूला वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘‘बेटी, टॉर्च धर इकडं.’’ इंजिनाच्या कुशीला एक जाडजूड, गंजलेला लोखंडी पाइप होता, चार फांद्यांचा. हा मॅनिफोल्ड. चारही सिलिंडरमधला जळका धूर गोळा करायचा आणि पुढे टर्बोकडे, सायलेन्सरकडे पाठवायचा, हे त्याचं काम. त्याच्या मागच्या टोकाला काजळीचा काळा ओघळ दिसत होता. तिथला बोल्ट तुटलेला. त्याच्या शेजारचाही तुटलेला. आणि मॅनिफोल्डचं ते टोक इंजिनापासून किंचित सुटलेलं. फटीतून धूर बाहेर. आमचा ‘टिक-टिक’ तो हाच!

मग चाचांनी मामेभावाला विचारलं, ‘‘रात्री काचा बंद करून चालवतोस?’’

‘‘पाऊस असला की हो.’’

‘‘डोकं दुखतं?’’

मामेभाऊ माझ्याकडे बघायला लागला. पंधरा दिवसांपासून तो रोज सकाळी बाम चोळत होता. आम्ही सगळे म्हणत होतो, झोप होत नाही म्हणून. मामी तर दृष्ट काढून मोकळी झाली होती.

चाचांनी डॉक्टरकी केली नाही. फक्त केबिनच्या पुढच्या पत्र्यातलं, वायरी जातात तिथलं फाटलेलं रबर बोटानं दाखवलं. गळती आणि ते भोक यांत जेमतेम हातभर अंतर. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो, आणि सोबत बाकीचे विषारी वायू आणि काजळी असतेच. बंद केबिन, रात्रीचा प्रवास, मागे दीड टन माल आणि स्टिअरिंगवर गुंगी आलेला तेवीस वर्षांचा मुलगा. मला एकदम गार वाटलं.

‘‘आजची रात्र पेस्ट लावून द्या ना चाचा,’’ मामेभाऊ तरी म्हणालाच. ‘‘पोती भरून पडलीत.’’

चाचांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. ‘‘मामाला बोलव.’’

मामा आला, ओघळ बघितला, पोराकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘मिरची काय, उद्या पुन्हा तोडता येते, माय.’’ त्या रात्री शेजाऱ्याची गाडी भाड्यानं गेली. भाडं ऐकून मामी गप्प झाली, पण कुणी काही बोललं नाही.

दोन मिलिमीटरची गोष्ट

मला प्रश्न पडला होता, एवढा जाड बोल्ट तुटतो कसा? चाचांनी चहा मागवला आणि बोटानं धुळीत आकृती काढली.

मॅनिफोल्ड असतो ओतीव लोखंडाचा. चढावर, भरल्या गाडीला तो पाचशे अंशांच्या वर तापतो. तापलं की लोखंड वाढतं. दीड फुटाचा तुकडा एवढा तापला तर जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होतो. पण तो ज्या हेडला बोल्टनं आवळलेला असतो, त्यात रेडिएटरचं पाणी फिरतं. ते नव्वद-शंभर अंशांवरच राहतं, म्हणून फारसं वाढत नाही. म्हणजे दोघांत दोन मिलिमीटरची ओढाताण! मधल्या बोल्टला ती जाणवत नाही, टोकाचे दोन बोल्ट मात्र रोज इकडून तिकडे वाकतात. त्यात गंमत अशी, की लालबुंद असताना दाबला गेलेला मॅनिफोल्ड गार होताना मूळ मापापेक्षाही आखडतो आणि टोकाच्या बोल्टना आतल्या बाजूला खेचतो. म्हणून बऱ्याचदा बोल्ट तुटतो तो गाडी पळताना नव्हे, तर घरी येऊन शांत उभी असताना. एक तुटला की शेजाऱ्यावर भार. धरून ठेवणारं कुणी उरलं नाही की ते टोक बाक धरतं.

आणि सकाळचा आवाज गरम झाल्यावर का थांबायचा? लोखंड फुगून फट थोडी बुजायची, एवढंच. आजार बरा होत नव्हता, फक्त दिसायचा बंद होत होता.

हे काही आपल्याकडच्याच गाड्यांचं दुखणं नाही बरं का. अमेरिकेत फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनाच्या पिकअप वापरणाऱ्यांना मॅनिफोल्डचे तुटके स्टड चांगलेच परिचयाचे आहेत. लोखंड तापलं की वाढणार, मग ते टेक्सासमध्ये असो की टेंभुर्णीच्या रस्त्यावर!

घाई करायची नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं काम सुरू झालं. सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली, कारण वेल्डिंगच्या करंटनं गाडीचा कॉम्प्युटर उडू शकतो. उरलेल्या नटांवर रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. पाना लावून एकदम जोर नाही. थोडं पुढं, थोडं मागं. ‘कुर्र’ आवाज आला की थांबायचं, पुन्हा तेल. सहा नट सोडवायला दीड तास! मी दोनदा घड्याळ बघितलं. चाचांनी एकदाही नाही.

मग तुटके दोन. पहिल्याचं टोक हेडच्या बाहेर तीन-चार मिलिमीटर शिल्लक होतं. चाचांनी त्यावर वायसर ठेवला, वर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग मारून तिन्ही एक केले. मला वाटलं, आता पाना लावणार. पण ते बसून राहिले. वेल्डिंगनं लाल झालेला बोल्ट फुगतो, भोवतीचा गंज चिरडतो आणि गार होताना आकसून सुटा होतो. त्याला तेवढा वेळ द्यायचा. किंचित गार झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून चक्क मेणबत्ती काढली आणि गरम बोल्टाच्या बुडाला टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांत झिरपत गेलं. मग पाना. पाव वळसा पुढे, पाव मागे... आणि तो गंजका तुकडा लोण्यातून निघावा तसा बाहेर आला. मी टाळ्या वाजवल्या. गॅरेजमधला पोरगा माझ्याकडे ‘हिला काय झालं’ अशा नजरेनं बघत होता.

दुसरा बोल्ट मात्र हट्टी. आतच तुटलेला, पकडायला टोकच नाही. त्याच्या बरोब्बर मधोमध पंच मारायला चाचांनी दहा मिनिटं घेतली. पंच सरकला तर ड्रिल सरकणार, ड्रिल सरकलं तर हेडचे आटे जाणार, आणि हेड गेलं तर हजारांची गोष्ट. आधी बारीक ड्रिल, मग त्याहून मोठं, मग त्याहून. शेवटी बोल्टाची फक्त पातळ साल उरली, ती छोट्या छन्नीनं आत दुमडून चिमट्यानं उचलली. उलट्या आट्यांचं, तुटका बोल्ट काढायचं हत्यारही त्यांच्या पेटीत होतं. ते का नाही वापरलं?

‘‘ते लई कडक पोलाद, बेटी. आत तुटलं तर त्याला ड्रिल पण लागत नाही. मग बोल्ट काढायचा का हत्यार?’’

मग आठच्या टॅपनं आटे साफ केले, हवा मारली. दोन्ही भोकं नव्यासारखी!

पट्टी खोटं बोलत नाही

आता मॅनिफोल्ड. बाहेर काढून ठेवल्यावर तो मला अगदी सरळ वाटत होता. चाचांनी त्याच्या तोंडांवर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि टोकाला फिलर गेजची पाती सरकवून बघितली. ०.८० मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. अशा ठिकाणी चालतो तो फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा. वाकडा तुकडा बोल्टनं आवळून सरळ होईल असं वाटतं, पण तसं केलं की नवे बोल्टही तुटतात किंवा मॅनिफोल्डला भेग जाते.

भेग नाही ना हे नीट तपासून तो पोत्यात गुंडाळला आणि मामेभावाच्या बाइकवरून जालन्याला पाठवला. जालना म्हणजे बियाणं आणि सळई. लोखंडाचं काम करणाऱ्यांची तिथे वाण नाही. एका वर्कशॉपमध्ये चारही तोंडं एकाच पातळीत घासून मिळाली, दुपारी मॅनिफोल्ड परत. पुन्हा पट्टी, पुन्हा पाती. या वेळी ०.०५ चीही आत गेली नाही.

जोडताना मला एक गोष्ट दिसली. टोकाची भोकं मधल्या भोकांपेक्षा थोडी मोठी होती. मी हुशारीनं म्हटलं, ‘‘चाचा, ही झिजलीत वाटतं. भरून घ्यायची का?’’

चाचा हसले. ‘‘नको. त्याला हलायला तेवढी जागा ठेवलेली असते. ती बुजवली की पुन्हा तुटणार.’’

नवे स्टड, नवे नट, नवं पॅकिंग. आवळायची सुरुवात मधून, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, टोकं सगळ्यात शेवटी. जोरही मोजून, टॉर्क पान्यानं. केबिनच्या पत्र्यातलं फाटकं रबर बदललं. मग सेल मारला. मी कान देऊन ऐकलं. काही नाही! नुसतं डिझेल इंजिनाचं नेहमीचं गुरगुरणं. मामानं कपाळाला हात लावून नमस्कार केला, तो देवाला की चाचांना, विचारलं नाही. चाचांनी एवढंच सांगितलं, ‘‘दोन दिवस चालवा अन् गार झाल्यावर आणा. नट पुन्हा बघावे लागतील.’’

मला पुण्याला येऊन आता महिना झाला. मामेभावाला फोन केला की मी आधी डोक्याचं विचारते. ‘‘झोप तेवढीच कमी आहे ताई, पण बाम संपत नाही,’’ म्हणतो. मीही एक केलंय. रात्री दहानंतर मेल बघणं बंद. भोक थोडं मोठं ठेवलंय म्हणा ना! हा कॉलम दोन दिवस उशिरा पोचला, तो त्यामुळेच. संपादकांनी फार ताणलं नाही, हे विशेष.

तुमच्या गाडीसाठी

• थंड इंजिनाची टिक-टिक गरम झाल्यावर थांबत असेल तर मॅनिफोल्डचे बोल्ट आणि पॅकिंग एकदा तपासून घ्या.

• केबिनमध्ये धुराचा वास, डोकेदुखी, मळमळ जाणवली तर काचा उघडा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि बाहेर मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जा. दुरुस्तीशिवाय ती गाडी चालवू नका.

• चढ चढून आल्याबरोबर तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नका. टर्बो गाडी बंद करण्याआधी मिनिटभर तशीच चालू राहू द्या.

• बोल्ट तुटला तर फक्त बोल्ट बदलू नका. मॅनिफोल्डला पट्टी लावून बघायला सांगा.

• आणि मिस्त्री घाई करत नसेल तर तुम्हीही करू नका. चहा मागवा.