पगारवाढीची भीती कोणाच्या सोयीची?

“वरच्या टप्प्यात गेलात की साऱ्या पगारावर जादा कर बसेल,” हा अपप्रचार कचेऱ्याकचेऱ्यांतून आजही चालतो. वस्तुतः वाढीव दर मर्यादेपलीकडील रकमेलाच लागू होतो.

२०२५-२६ ची नवी करप्रणाली घ्या. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १६ लाख असल्यास पहिल्या ४ लाखांवर कर शून्य. पुढील प्रत्येक ४ लाखांवर अनुक्रमे ५, १० व १५ टक्के, म्हणजे २०, ४० व ६० हजार. ४ टक्के उपकरासह एकूण १,२४,८०० रुपये. पगार आणखी १० हजारांनी वाढला, तर २० टक्के केवळ त्या १० हजारांवर, उपकरासह २,०८०. उरलेले ७,९२० कर्मचाऱ्याचेच. १२ लाखांपलीकडील अरुंद पट्ट्यात वाढ जवळजवळ सगळी करात जाते, हे खरे. पण तो दोष तेथे संपणाऱ्या सवलतीचा, टप्प्यांचा नव्हे.

मग ही भीती कोणाच्या सोयीची? चढत्या कराला ‘कष्टाची शिक्षा’ म्हणणाऱ्या धनिकांच्या! १९८५ साली इस्टेट ड्यूटी गेली, २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्तीकर हटवला. साबणाच्या वडीवर मात्र शेतमजूर आणि कारखानदार एकाच दराने कर भरतात. ऐपत पाहून आकारला जाणारा प्राप्तिकर हा श्रमिकांचा शत्रू नव्हे. त्याचे गणित प्रत्येक शाखेत मांडले गेलेच पाहिजे.