टिंगल झाली, प्रश्न राहिला

नेमणुकीची बातमी येते आणि तासाभरात मोबाइलवर मीम्सचा पाऊस! २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद गजेंद्र चौहान यांना मिळालं, तेव्हा हेच झालं. ‘महाभारत’ मालिकेतला युधिष्ठिर म्हणून घराघरांत ओळखीचा चेहरा. लोकांनी त्यांच्या जुन्या सिनेमांची पोस्टर्स शोधून काढली, पोट धरून हसले. (शोधणाऱ्यांची चिकाटी मानली पाहिजे!)

विद्यार्थ्यांचा मुद्दा मात्र विनोदाचा नव्हता. श्याम बेनेगल, अदूर गोपालकृष्णन ज्या खुर्चीत बसले, तिथे निवड कोणत्या निकषांवर झाली, हा त्यांचा सवाल होता. त्यासाठी १३९ दिवस संप चालला. तरीही जानेवारी २०१६ मध्ये चौहान यांनी कार्यभार घेतलाच.

पोटासाठी केलेल्या भूमिकांवरून माणसाला हसणं मला पटत नाही. निवडीचा हिशेब मागणं पटतं. तुम्हालाही अशी एखादी नेमणूक खटकली, तर केंद्राच्या संस्थेकडे माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. विचारा: निकष काय होते, आणखी कोणाची नावं होती, निर्णय कोणी घेतला?