अचपळ मुलें आणि आपलें शिस्तवेड

त्रास देणाऱ्या मुलासाठीं मराठी भाषेंत शब्दांची ददात नाहीं. द्वाड, व्रात्य, वांड, हूड, उनाड, आगाऊ, हट्टी, तापट हे शब्द आपल्या घरांतून दिवसांत दहा वेळां उच्चारले जातात. या सर्व शब्दांच्या पोटीं एकच समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, मुलाला नीट वागतां येतें, परंतु त्याला तसें वागावयाचें नाहीं. ‘अचपळ’ हा मात्र असा शब्द आहे कीं, तो मुलाची प्रकृति सांगतो आणि तिच्यावर आरोप करीत नाहीं. या लेखांत आम्ही तोच वापरणार आहों. कारण ज्या मुलांविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे, त्यांच्या डोक्यावर आरोपांचें ओझें आधींच पुष्कळ झालेलें आहे.

वैद्यकशास्त्र ज्या अवस्थेला ‘एडीएचडी’ म्हणतें, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, ती जगांत १०० मुलांपैकीं सुमारें ५ मुलांस असते, असा अनेक देशांतील पाहण्यांचा मेळ घालून काढलेला अंदाज आहे. ६० मुलांचा वर्ग धरला तर त्यांत अशीं दोन-तीन मुलें निघावयाचींच. हीं मुलें कांहीं आज अकस्मात् उपजलेलीं नव्हेत. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें तीन व्याख्यानें देऊन अशा मुलांचें वर्णन केलें होतें : बुद्धि शाबूत, परंतु राग अनावर, मनांत आलें कीं तत्काळ कृति, आणि शिक्षा होऊनहि थोड्याच वेळानें तोच अपराध पुन्हां. म्हणजे मनोविकार आवरतां न येणें हें या अवस्थेचें अंग अगदीं आरंभींच नजरेस आलेलें होतें.

पुढें शास्त्राच्या याद्यांत मात्र हें अंग मागें पडलें. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथांत या अवस्थेचीं १८ लक्षणें दिलीं आहेत. ९ अवधानाच्या उणिवेचीं आणि ९ चंचलतेचीं व उतावळेपणाचीं. रागलोभ न आवरणें त्या अठरांत नाहीं. त्याला केवळ सोबतीचें स्थान मिळालें आहे. आपल्या घरांतूनहि तेंच झालें. आईबापांचें सारें लक्ष वही, अक्षर, गृहपाठ आणि गुणपत्रिका यांकडे लागलें. मुलगा गणितांत मागें पडला तर त्याला शिकवणी लावतात. परंतु सोसायटीच्या अंगणांत त्याला कोणी डावांत घेत नाहीं, मधल्या सुट्टींत तो एकटाच डबा खातो, वर्गांतल्या वाढदिवसांचें बोलावणें त्याच्या घरीं येत नाहीं, हें नापास होणें कोणत्याहि गुणपत्रिकेंत उमटत नाहीं. आमच्या मतें गणितांतल्या अपयशापेक्षां हें अपयश अधिक घातक आहे. कारण असें मूल दहा-अकरा वर्षांचें होतें न होतें तोंच ‘मीच वाईट आहें’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन बसतें.

या बाबतींत सुशिक्षित घरांतून तीन मतें ऐकूं येतात. त्यांचा क्रमानें समाचार घेणें अवश्य आहे.

पहिलें मत धाकाचें. ‘आमच्या लहानपणीं एक डोळे वटारले कीं काम होत असे, हल्लीं धाकच उरला नाहीं,’ असें म्हणणारे आजोबा प्रत्येक घरांत असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांचे पदवीधर चिरंजीवहि मनांतून तसेंच समजतात. आतां सामान्य मुलाला राग आला म्हणजे काय होतें तें पहा. राग आणि हात यांच्यामध्यें एक क्षण असतो. त्या क्षणांत नियम आठवतो, परिणाम दिसतो, समोरच्याचा चेहरा डोळ्यांत भरतो, आणि उगारलेला हात खालीं येतो. अचपळ मुलाच्या बाबतींत हा क्षणच फार तोकडा असतो. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं मांडलेल्या उपपत्तीचें सार हेंच आहे कीं, येथें मुख्य उणीव थांबण्याच्या शक्तीची असते, आणि स्मरण, विचार व भावनांचें नियमन हीं सर्व त्या थांबण्यावर अवलंबून असतात. २००७ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं मेंदूचीं चित्रें घेऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांत साधारणपणें साडेसातव्या वर्षाच्या सुमारास कमाल मर्यादेस पोंचलेली दिसली. या मुलांत तेंच साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास. आणि हा विलंब सर्वांत अधिक होता तो मेंदूच्या पुढच्या भागांत, जेथें आवर घालण्याचें काम चालतें.

ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे धाकाच्या मताचा पाया सुटतो. फळीवरच्या डब्यापर्यंत हात पोंचत नाहीं म्हणून मुलाला मारल्यानें त्याची उंची वाढत नाहीं. त्याच्या पायांखालीं चौरंग द्यावा लागतो. शिवाय मारणारा बाप त्या क्षणीं जो धडा देतो तो असा कीं, राग आला म्हणजे हात उगारावा. हा धडा मात्र मूल तत्काळ शिकतें.

दुसरें मत काळावर हवाला ठेवणाऱ्यांचें. ‘मोठा झाला कीं येईल ताळ्यावर’ हें त्यांचें ब्रीद. यांत अर्धें सत्य आहे. धांवपळ, चुळबुळ वयाबरोबर पुष्कळ कमी होते. परंतु मैत्रीचें वय कोणासाठीं थांबत नाहीं. आपली पाळी येईतों थांबणें, राज्य आलें तर तें मुकाट्यानें घेणें, हरल्यावर रडीचा डाव न खेळणें, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलणें, हें सारें शिक्षण मुलें मुलांकडून घेतात. ज्याला खेळांतून काढलें त्याचा हा वर्गच बुडाला. आणि वर्ग बुडाला म्हणून तो आणखी अडाणी राहिला, व अडाणी राहिला म्हणून पुन्हां काढला गेला. महाविद्यालयांत शिकवतांना अठरा वर्षांचीं जीं मुलें आमच्यासमोर येतात, त्यांत असे कांहीं असतातच कीं ज्यांची बुद्धि पाहून कौतुक वाटावें. परंतु चार जणांत मिळून एक काम करावयाचें म्हटलें कीं दुसऱ्या दिवशीं त्यांचे तिघे सोबती वेगळा गट मागावयास येतात. काळानें त्यांच्या मिशा वाढविल्या. बाकीचें काम काळानें केलें नाहीं.

तिसरें मत सर्वांत नवें, आणि दिसावयास सर्वांत सुधारलेलें. हें मत म्हणतें कीं, पैसे भरा, मुलाला शनिवारीं तासभर ‘भावनांच्या व्यवस्थापना’च्या वर्गाला पाठवा, आणि दोन महिन्यांनीं प्रमाणपत्र घेऊन जा. तेथें मुलाला रंगीत चित्रांवरून राग, भीति, दुःख ओळखावयास शिकवितात. दहापर्यंत अंक मोजावयास लावतात. ‘मित्राशीं कसें वागावें’ याचीं नाटुकलीं करवितात. मूल हें सर्व उत्तम करून दाखवितें, आणि सायंकाळीं क्रिकेट खेळतांना बाद दिल्याबरोबर बॅट भिरकावून देतें. यांत नवल तें काय? नियम कोणता हें त्याला ठाऊक होतेंच. उणीव ज्ञानाची नव्हती; तें ज्ञान नेमक्या क्षणीं हाताशीं येण्याची होती. अशा सामाजिक कौशल्यांच्या शिकवणीवर झालेल्या प्रयोगांची छाननी कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनीं २०११ सालीं व पुन्हां २०१९ सालीं केली. दोन्ही वेळां ठळक लाभाचा पुरावा त्यांस आढळला नाहीं. पाण्याबाहेर शिकविलेलें पोहणें पाण्यांत उपयोगीं पडत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्रानें खरें पाहतां हा धडा पूर्वींच घेतलेला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां वस्तीवरचीं मुलें बालवाडीपर्यंत येईनात. बाईंनीं मुलांस दूषण दिलें नाहीं. त्यांनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली, आणि अंगणवाडीची कल्पना जन्मास आली. शिक्षण जेथें मूल आहे तेथें गेलें पाहिजे. अचपळ मुलाचा राग जेथें पेटतो, म्हणजे जेवणाच्या पाटावर, जिन्यांत, मैदानावर, तेथेंच त्याचें शिक्षण झालें पाहिजे. आणि तेथें हजर असतात ते आईबाप, आजीआजोबा व शिक्षक. हें काम मोल देऊन दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

मग करावें तरी काय? समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिवेलागणीला म्हटले जात आले. त्या रचनेचें रूप फार मार्मिक आहे : तेथें माणूस स्वतःच्याच मनाला हांक मारून बोलतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनीं विसाव्या शतकांत दाखवून दिलें कीं, मोठ्यांचें बोलणें मूल प्रथम बाहेरून ऐकतें, मग तें स्वतःशीं मोठ्यानें बोलतें, आणि अखेरीस तेंच बोलणें मनांत उतरून त्याच्या वागण्याला लगाम घालतें. अचपळ मुलांत हा लगाम उशिरां तयार होतो. तोंवर मोठ्यांनीं आपला आवाज त्याला उसना द्यावयाचा असतो. हा आवाज जर सदैव ओरडण्याचाच असेल तर आंत उतरेल तेंहि ओरडणेंच.

खेळावयास जाण्यापूर्वीं दोनच वाक्यें सांगावींत : ‘आज बाद झालास तर बॅट खालीं ठेवून माझ्याकडे येऊन पाणी प्यावयाचें.’ प्रसंग घडत असतां व्याख्यान देऊं नये. आधीं ठरविलेली एखादी खूण पुरे. राग चढल्यावर कारणें विचारूं नयेत, कारण त्या वेळीं ऐकणारें कोणी आंत जागेवर नसतें. त्याला बाजूस घ्यावें, आपला स्वर खालीं आणावा, आणि ‘तुला फार राग आला आहे’ एवढें नांव त्या वादळाला द्यावें. शांत झाल्यावर मात्र हिशेब चुकवूं नये. फेकलेली वस्तु त्यानेंच उचलावी, ज्याला लागलें त्याची विचारपूस त्यानेंच करावी. आणि दहांतून एकदां जरी त्यानें हात आवरला, तरी तें त्याच क्षणीं बोलून दाखवावें. महिनाअखेरच्या सायकलीचें आमिष या मुलांपर्यंत पोंचत नाहीं. मैत्रीच्या बाबतींत, दहा मुलांच्या घोळक्यांत लोटण्याऐवजीं एकच मित्र घरीं बोलवावा, तासाभरापुरता. खेळ आधींच ठरवावा आणि गोडी असतांनाच तो संपवावा. एक टिकलेली मैत्री पुष्कळ उपदेशांचें काम करते.

कोणी म्हणतील, हें सारें पाश्चात्यांचें थोतांड आहे. खोड्या करणाऱ्या प्रत्येक मुलाला हल्लीं रोगी ठरवितात. या आक्षेपांत विचार करण्याजोगा अंश आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, वर्गांतल्या सर्वांत मोठ्या मुलग्यांपेक्षां सर्वांत लहान मुलग्यांवर हा शिक्का बसण्याचें प्रमाण ३० टक्क्यांनीं अधिक आढळलें. केवळ वयानें लहान असणें हा रोग नव्हे. यास्तव निदान शेजारणीनें वा शाळेनें करावयाचें नसून तज्ज्ञानेंच करावयाचें असतें. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसलेलीं, सहा महिने टिकलेलीं, आणि घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणीं आढळलेलीं असावीं लागतात. परंतु खोटीं नाणीं चालतात म्हणून खरें नाणें नाकारणें हा शहाणपणा नव्हे.

औषधांविषयींहि असाच समतोल हवा. अमेरिकेंत ५७९ मुलांवर १४ महिने झालेल्या आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चंचलता व अवधान यांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा गुण मोठा दिसला. परंतु समवयस्कांशीं वागणूक आणि आईबापांशीं नातें यांत औषध व शिकवण यांची जोडी किंचित सरस ठरली. सहा वर्षांखालील मुलांस तर आधीं आईबापांचेंच शिक्षण द्यावें, अशी अमेरिकन बालवैद्यांच्या संस्थेची २०१९ ची शिफारस आहे. औषध तो तोकडा क्षण लांबवूं शकतें. त्या क्षणांत काय करावयाचें हें माणसांनींच शिकवावें लागतें.

शाळांस आमचें सांगणें थोडक्यांत आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलास मारणें व मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी केली आहे. रोज वर्गाबाहेर उभें करणें, सहलींतून वगळणें, चाळीस मुलांसमोर ‘हा असाच’ म्हणणें, हा छळ नव्हे काय? पहिल्या बाकावर जागा, मधूनमधून फळा पुसावयास उठण्याची मुभा आणि दिवसाअखेर घरीं जाणारा एक चांगला शेरा, यांस सरकारी मंजुरी लागत नाहीं.

शेवटीं, ज्यांचीं मुलें अशीं नाहींत त्या वाचकांस एक विनंति. अचपळ मुलाच्या आईला आपण सारेच ‘संस्कार कमी पडले’ म्हणून दोष देतों. जुळ्यांच्या अभ्यासांवरून ही अवस्था फार मोठ्या अंशानें आनुवंशिक आहे हें आतां निश्चित झालें आहे. तेव्हां हा दोषारोप क्रूर तर आहेच, पण अज्ञानाचाहि आहे. ती माउली जिन्यांत भेटली तर सल्ला देऊं नका. आपल्या घरच्या पुढच्या वाढदिवसाच्या यादींत तिच्या मुलाचें नांव घाला, आणि तो आल्यावर पहिला अर्धा तास त्याच्या जवळपास रहा. तो एखादा पेला फोडील. तो भरून काढतां येतो.