ग्रंथ, परंपरा आणि न्यायासन

ख्रिस्ती धर्मांतील सिद्धान्तांचा निर्णय केवळ शास्त्रग्रंथावरून करावयाचा, कीं चर्चच्या परंपरेसही त्यांत प्रामाण्य द्यावयाचें, हा वाद निघाला म्हणजे आमच्याकडील इंग्रजी शिकलेला वाचक फारसा विचार न करितां ग्रंथाच्या बाजूस उभा राहतो. त्याचें कारण उघड आहे. युरोपचा इतिहास आम्हांस बहुतांशीं प्रोटेस्टंट ग्रंथकारांनीं शिकविला. त्यांच्या चित्रांत एकीकडे बायबल हातीं धरलेला निर्भय ल्यूथर आणि दुसरीकडे क्षमापत्रें विकणारा लोभी धर्मगुरु, अशीच मांडणी असावयाची. आम्हीं स्वतः वर्गांत कित्येक वर्षें तोच पाठ म्हणून दाखविला. आज तो आम्हांस अपुराच नव्हे, तर मूळ प्रश्न झांकून टाकणारा वाटतो.

इ. स. १५१९ मध्यें लाइप्झिग येथें योहान एक् नांवाच्या पंडिताशीं ल्यूथरचा जो वाद झाला, त्यांतला एकच प्रसंग पाहूं. मृतांच्या आत्म्यांस शुद्धिलोकांत राहावें लागतें, या मताच्या पुष्ट्यर्थ पंडितानें मकाबींच्या दुसऱ्या पुस्तकांतील आधार पुढें केला. ल्यूथर उत्तरला, तें पुस्तक इब्री शास्त्रसंग्रहांतलें नव्हे, म्हणून वादांत प्रमाण नाहीं. उत्तर चोख खरें. पण तें ज्या पायावर उभें आहे तो पाया बायबलांत कोठें आहे? अमुक पुस्तकें शास्त्र आणि अमुक नव्हेत, अशी संपूर्ण यादी बायबलांतील कोणत्याही पुस्तकांत दिलेली नाहीं. नव्या करारांतील २७ पुस्तकांची आजच्यासारखी यादी प्रथम आढळते ती आलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ. स. ३६७ मधील पत्रांत. म्हणजे ज्या ग्रंथानें परंपरेचा न्याय करावयाचा, त्याची अनुक्रमणिकाच परंपरेनें लिहिलेली! आणि तीही ल्यूथरला निमूटपणें पत्करली नाहीं. १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरांत त्यानें इब्री लोकांस पत्र, याकोबाचें पत्र, यहूदाचें पत्र आणि प्रकटीकरण हीं चार पुस्तकें शेवटीं नेऊन ठेविलीं, व याकोबाच्या पत्राची योग्यता तर फारच हलकी ठरविली. जें ख्रिस्ताकडे नेतें तेंच खरें प्रेषितांचें, हा त्याचा निकष. निकष सुंदर असेल, परंतु तो ल्यूथरचा आहे.

बरें, यादीचा प्रश्न सोडून देऊं. ग्रंथ हातीं आल्यावर तो आपला अर्थ आपणच सांगतो, असें या पक्षाचें म्हणणें असतें. त्याचा निकाल १५२९ च्या ऑक्टोबरांत मारबुर्ग येथें लागला. प्रभुभोजनाच्या वेळीं भाकरीविषयीं ख्रिस्तानें जें म्हटलें, तें शब्दशः घ्यावयाचें कीं लक्षणेनें, यावर ल्यूथर आणि त्स्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरनें तें वचन खडूनें मेजावर लिहून ठेविलें आणि त्यावरून रेसभर हलला नाहीं. एकच ग्रंथ, एकच वाक्य, दोघेही ग्रंथनिष्ठ. तरी पंधराव्या कलमांतील हा एक मुद्दा सुटला नाहीं, आणि दोन पंथ झाले ते झालेच. आमच्या मीमांसकांनीं श्रुतीला स्वतःप्रमाण मानूनही तिचा अर्थ लावण्यास न्याय लागतात, हें मोकळेपणीं कबूल केलें होतें. युरोपच्या सुधारकांनीं तें कबूल केलें नाहीं, त्यामुळें त्यांचे न्याय अदृश्य राहिले. झुरिकांत ते एकदां दृश्य झाले. शिशुबाप्तिस्म्यास शास्त्राधार नाहीं, असें म्हणणारे लोक त्स्विंग्लीच्याच वर्तुळांतले होते. त्यांस अखेरचें उत्तर नगरसभेनें दिलें: ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मान्त्स यास बांधून लिमात नदींत बुडविण्यांत आलें.

येथवर वाचून आमचे कॅथलिक मित्र संतुष्ट झाले असतील. त्यांनीं घाई करूं नये. ट्रेंटच्या परिषदेनें १५४६ मध्यें ग्रंथ व परंपरा यांस सारख्याच पूज्यभावानें स्वीकारलें खरें. पण परंपरा म्हणजे कोणती? १५ जून १४१५ रोजीं कॉन्स्टन्सच्या परिषदेनें सामान्य जनांस द्राक्षारसाचा प्याला न देण्याची रूढि कायम केली. आश्चर्य हें कीं, ख्रिस्तानें भाकरी व रस दोन्ही दिले आणि आद्य चर्चमध्यें लोकांसही दोन्ही मिळत, हें तिच्या निर्णयांतच मान्य केलेलें आहे! येथें नव्या रूढीनें ग्रंथासच नव्हे, तर जुन्या परंपरेसही बाजूस सारलें, आणि आपणासच परंपरा म्हणवून घेतलें. त्या प्याल्यासाठीं बोहेमियांत पुढें वर्षानुवर्षें लढाया झाल्या. मरिया सदेह स्वर्गास गेली, हा सिद्धान्त बाराव्या पायसनें १ नोव्हेंबर १९५० रोजीं बंधनकारक म्हणून घोषित केला. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखनांत त्याचा स्पष्ट उल्लेख सांपडत नाहीं. ज्या परंपरेस साक्षीदाराची गरज लागत नाहीं, तिला आम्ही हुकूम म्हणतों.

मराठींतही हे दोन पक्ष दोन वेषांनीं आले. १६१६ मध्यें गोव्यांत छापलेलें फादर स्टीफन्सचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण, आणि १८११ मध्यें बंगालमधील सेरामपूरहून निघालेला केरीचा नवा करार. स्टीफन्सच्या श्रोत्यास गुरु मिळाला, पण ताडून पाहण्यास पोथी मिळाली नाहीं. केरीच्या वाचकास पोथी मिळाली, आणि ती कशी वाचावी हें सांगणारा मिशनरी दाराशीं उभाच होता.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, अर्थ परंपरा लावणार हें अटळ आहे. पण तिच्या निकालाविरुद्ध ग्रंथाकडे दाद मागण्याची वाट मोकळी हवी, आणि दाद मागणारा जिवंत राहिला पाहिजे. अथानासियसचेंच उदाहरण घ्या. पुत्र पित्याशीं समतत्त्व आहे, हें सांगण्यासाठीं निकेच्या परिषदेनें ३२५ मध्यें वापरलेला शब्द बायबलांत नाहीं. तो शब्द गाळणाऱ्या मतपत्रिकेवर ३५९ मध्यें रिमिनी येथें शेंकडों बिशपांनीं सह्या केल्या. परिषदा आणि डोकीं मोजून सत्य ठरत असतें, तर वाद तेथेंच संपला होता. पांच वेळां हद्दपार झालेला अथानासियस मात्र शब्द आमचा असला तरी अर्थ शास्त्राचा आहे, हें वचनामागून वचन काढून दाखवीत राहिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत ३० सप्टेंबर १९६४ रोजीं शिकागोचे कार्डिनल मेयर यांनीं हीच दाद मागितली. चर्चमध्यें चालत आलेलें सर्वच निर्दोष नसतें, त्यांत विकृतीही शिरते, आणि तिची पारख शास्त्रावरून व्हावी, असें त्यांनीं सांगितलें. १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं जाहीर झालेल्या निबंधांत धर्माधिकार हा ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, हें वाक्य आलें. मेयर यांची सूचना आली नाहीं. पुढें पोप झालेले योझेफ रात्सिंगर यांनीं त्या निबंधावर भाष्य लिहितांना ही उणीव नोंदवून ठेविली आहे.