'खास बाब' आणि आकाशाचे नियम

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या डाव्या काठावर बजबज वसले आहे. नदीलगत खनिज तेलाच्या साठवणुकीच्या टाक्यांची रांग, जवळच पुजालीचे औष्णिक वीज केंद्र, तागाच्या गिरण्या आणि या सर्वांच्या सान्निध्यात 'कोमागाटा मारू'च्या प्रवाशांचे स्मारक. गाव ज्या दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात येते, त्याचे दुसरे टोक सुंदरबनच्या बेटांत आहे. तेथे सर्पदंशावरची लस होडीने आणि भरतीची वेळ पाहून न्यावी लागते. एकाच जिल्ह्यात एका टोकाला ड्रोनला मज्जाव करण्याची सबळ कारणे आहेत, तर दुसऱ्या टोकाला तो तातडीने उडावा अशी गरज आहे. दोहोंना एकच नियम कसा लागू करायचा, हा ड्रोन-धोरणापुढचा खरा प्रश्न आहे.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी या क्षेत्रातील जाचक कागदपत्रे बरीच कमी केली. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी झाली. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची संमती लागते. हा बदल स्वागतार्हच होता. तथापि कोणताही नियम सर्व प्रसंगांची कल्पना करू शकत नाही, म्हणून सूट देण्याचा अधिकार सरकार स्वतःकडे राखून ठेवते. माझ्या मते कोणत्याही राजवटीची परीक्षा या राखीव अधिकाराच्या वापरात होते.

नवे नियम येण्याच्या अवघे काही दिवस आधी, त्याच ऑगस्टमध्ये, केंद्राने दहा संस्थांना सशर्त सूट दिली होती. ती यादी उद्बोधक आहे. पश्चिम बंगालमधील बर्नपूरच्या पोलाद कारखान्याला कुंपणाच्या टेहळणीसाठी, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेला कराड व उस्मानाबाद येथील धावपट्ट्यांसह काही ठिकाणी वातावरणाच्या अभ्यासासाठी, आणि मुंबईच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाला पालघर जिल्ह्यातील जव्हार येथे आदिवासी पाड्यांकडे औषधे पोहोचविण्याच्या प्रयोगासाठी. चालकाच्या नजरेपलीकडे जाणारे उड्डाण हे या शेवटच्या परवानगीचे वैशिष्ट्य होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात जव्हारहून झाप या गावी लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने नेण्यात आल्या. रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटे घेणारा हा प्रवास नऊ-दहा मिनिटांत पुरा झाला.

प्रयोग यशस्वी झाला, हे निर्विवाद. परंतु सूट मुदतबंद असते, विशिष्ट संस्थेपुरती असते आणि विशिष्ट जागेपुरती असते. जव्हारला जे सिद्ध झाले, त्याचा लाभ मोखाड्याच्या किंवा सुंदरबनच्या आरोग्य केंद्राला आपोआप मिळत नाही. त्याने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. शासकीय सेवेतील माझ्या वर्षांत मी 'खास बाब म्हणून मंजूर' असा शेरा असंख्य नस्त्यांवर पाहिला, काहींवर स्वतः लिहिलाही. त्याच्या शेजारी हमखास दुसरे वाक्य असे : 'हे पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये.' ते वाक्य अधिकाऱ्याला सुरक्षित ठेवते, पण शासनाला शहाणे होऊ देत नाही. एकाला सूट का दिली हे दुसऱ्याला कळू नये, अशी ती व्यवस्था असते.

अमेरिकेचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. २०१६ मध्ये लागू झालेल्या तेथील नियमांत व्यावसायिक ड्रोनला रात्री उड्डाणास मनाई होती; मात्र कोणत्या कलमांतून सूट मागता येईल याची यादी नियमांतच होती, आणि दिलेल्या सवलती विमान वाहतूक प्रशासन आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करीत होते. रात्रीच्या उड्डाणांसाठी हजारो सवलती दिल्या गेल्या, त्यांतून अनुभव साचला, आणि २०२१ मध्ये नियमच बदलला : दिवा आणि प्रशिक्षण असल्यास रात्रीही उड्डाण करावे, वेगळा अर्ज नको. नजरेपलीकडच्या उड्डाणांसाठीही सुट्या-सुट्या परवानग्यांऐवजी सर्वसाधारण नियमांचा प्रस्ताव २०२५ मध्ये तेथे मांडण्यात आला. अपवादातून नियम घडवण्याची ही रीत आहे.

यावर सुरक्षेचा मुद्दा उपस्थित होईल, आणि तो हलका नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. बजबजच्या तेलटाक्यांवर कोणी यंत्र घिरट्या घालू लागले, तर पोलिसांनी स्वस्थ बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण सुरक्षेच्या नावाने दिलेला मोकळा अधिकार काय करू शकतो, याची साक्षही याच घाटावर आहे. १९१४ साली कॅनडाने एक नियम पुढे केला : मायदेशातून खंड न पाडता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश. असा प्रवास घडवणारी जहाजे भारतीयांना प्रत्यक्षात उपलब्धच नव्हती. 'कोमागाटा मारू'वरील ३७६ प्रवाशांपैकी जेमतेम चोवीस जणांना उतरू दिले गेले. बाकीचे परत फिरले, तोवर येथील सरकारने ५ सप्टेंबरच्या वटहुकुमाने भारतात येणाऱ्या कोणाचीही मोकळीक हिरावण्याचा अधिकार घेतला होता. २९ सप्टेंबरला जहाज बजबजला लागले आणि त्या दिवशी झालेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले. माणसांच्या त्या यातनांशी ड्रोनच्या परवान्याची तुलना मी करणार नाही. परंतु कारणे न सांगता वापरलेला अधिकार, आणि पाळणे अशक्य असा नियम, हे दोन दोष आजही ओळखीचे वाटावेत.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, सूट मंजूर होवो वा नाकारली जावो, कारणे लेखी द्यावीत आणि निर्णयास मुदत असावी. दोन, दिलेल्या प्रत्येक सवलतीच्या अटी आणि तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. संवेदनशील स्थळांचा तपशील वगळण्यास हरकत नाही. तीन, एकाच स्वरूपाची सूट ठरावीक वेळा निर्धोक ठरली, की तिचे सर्वसाधारण नियमात रूपांतर करणे मंत्रालयावर बंधनकारक असावे. ज्यांच्या छपरांवरून हे यंत्र जाणार, त्या रहिवाशांना पूर्वसूचना आणि तक्रारीची जागा मिळणे हाही त्या अटींचाच भाग हवा. नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला झाला. या तरतुदींची योग्य जागा तेथेच आहे.

मोठा कारखाना दिल्लीत माणूस पाठवून खास बाब मिळवू शकतो. गोसाबाच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला ते शक्य नाही. तिला खास बाब नको आहे. बर्नपूरला आणि जव्हारला ज्या कसोटीवर होकार मिळाला, ती कसोटी वाचता यावी आणि आपल्यालाही लागू व्हावी, एवढेच तिचे मागणे असू शकते.