परसबाग : पेल्यात रुजलेली बी

सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची लेक पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला येताना तिने ॲव्होकॅडोची दोन फळे आणली. घरात कुणाला आवडली, कुणी चव ना ढव म्हणून बाजूला सारली. बी मात्र बाईंनी टाकली नाही. चार काड्या टोचून पेल्यातल्या पाण्यावर ठेवली. दीड-दोन महिन्यांनी ती फुटली आणि आता वीतभर रोपाला पाने आली आहेत. बाई विचारतात, हे रोप परसात लावले तर त्याच फळासारखी फळे येतील ना? आणि पत्राच्या शेवटी, जरा भीत भीत, खरा प्रश्न आहे. मालकांनी या फळाचा शहरातला भाव ऐकला आहे, आणि विहिरीकडचा अर्धा एकर ऊस मोडून तिथे याची कलमे लावावीत असे त्यांच्या मनात आहे. तुमचे मत कळवा.

ताई, आधी बीचे सांगतो. हापूसची कोय लावून हापूस येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेही तेच. झाड येईल, जोमाने येईल, पण फळ कसे निघेल ते त्या झाडालाच ठाऊक. आणि ते कळायला सात-आठ वर्षे, कधी त्याहून जास्त, वाट पाहावी लागते. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते.

तरी बीला अगदीच हिणवू नये. तुमच्या लेकीने आणलेले फळ खडबडीत सालीचे आणि पिकल्यावर काळे पडणारे असेल, तर ते बहुधा 'हास' वाणाचे. या वाणाची जन्मकथा एका परसबागेतलीच आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्स या गावी रुडॉल्फ हास नावाचे एक पोस्टमन होते. टपाल वाटून उरलेल्या वेळात ते आपली लहानशी बाग सांभाळत. १९२६च्या सुमारास त्यांनी काही बिया रुजवल्या, त्या खुंटासाठी. त्या काळी तिकडे 'फुएर्ते' वाणाचा बोलबाला होता. त्याची कलमे या खुंटांवर बांधायची होती. एका रोपावर मात्र कलम जमेना. पुन्हा बांधले, तरी जमेना. हास ते काढून टाकायला निघाले, पण कलम बांधणारा गडी म्हणाला, रोप जोमाचे आहे, राहू द्या. राहिले. पुढे त्याला फळ लागले आणि घरची मुले म्हणाली, हेच जास्त चांगले. १९३५ साली हास यांनी त्याचे पेटंट घेतले. पण लोक एक रोप विकत घेत आणि त्यावरून घरच्या घरी हवी तेवढी कलमे बांधत. पैसा फारसा हाती लागला नाही, टपालाची पिशवी काही सुटली नाही. आज जगाच्या बाजारात फिरणारे बहुतेक ॲव्होकॅडो हासच आहेत, आणि त्यांचे प्रत्येक झाड त्या एका झाडाच्याच डोळकाडीचा वंश आहे.

ते मूळ झाड २००२ साली मेले. कशाने? मूळकुजीने. म्हणून आता मुळांचे बोलू.

मी स्वतः चार कलमे आणली होती. आंब्याला करतो तसे तीन-तीन फुटांचे खड्डे घेतले, शेणखत भरले, भोवती चांगली खोलगट आळी केली. जमीन काळी, भारी. मृगाच्या पावसावर कलमे तरारली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. श्रावणात झड लागली, आळ्यांत पाणी तुंबले. भाद्रपदात पाने मलूल होऊन खाली लोंबू लागली. पाने लोंबली म्हणजे झाड तहानले, असे समजून मी वरून आणखी दोन-दोन कळशा घातल्या! दिवाळीपर्यंत तीन कलमे गेली. उपटून पाहिले तर पांढरी मुळी औषधालाही नाही, सगळी काळी आणि ठिसूळ. चौथे वाचले, कारण ते गोठ्यामागच्या मुरमाड उतारावर होते. रोपे देणाऱ्याने 'कुठेही येते' असे सांगितले होते. पण त्याला दोष किती देणार, कळशी माझ्याच हातात होती.

या झाडाची मुळे उथळ असतात. खाणारी मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच राहतात. त्यांना हवा लागते. माती चिंब राहिली की मुळे गुदमरतात, आणि त्याच ओल्या मातीत फायटोफ्थोरा हा रोग पाण्यातून एका मुळावरून दुसऱ्या मुळावर पोचतो. बारीक मुळे कुजली की जमिनीत पाणी असूनही झाडाला ते पिता येत नाही. म्हणून तहानलेले झाड आणि बुडालेले झाड वरून सारखेच दिसते. पाणी देण्याआधी बुंध्यापासून हातभर अंतरावरची, वीतभर खोलीची मूठभर माती काढून दाबून पाहा. गोळा होत असेल तर कळशी परत न्या.

लावण्याआधी जमिनीची परीक्षा घ्या. दोन फूट खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसले तर तिथे खड्ड्यात लावायचा विचार सोडा. दीड-दोन फूट उंचीचा आणि पाच-सहा फूट रुंदीचा मातीचा ढीग करा आणि कलम त्यावर लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. ढिगावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करा, पण बुंध्याला टेकवू नका. आमच्याकडे मी पोळ्यानंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर लावतो. उन्हाळ्यात थोडे थोडे पण नियमित पाणी हवे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पानांचे शेंडे करपतात. हे झाड मीठ सोसत नाही. कोवळ्या खोडाला उन्हाचा चटका बसतो, त्याला चुन्याचा हात द्या आणि पहिले दोन उन्हाळे पश्चिमेला गोणपाटाचा आडोसा करा.

आता विहिरीकडच्या अर्ध्या एकराचे. मालकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावे, ऊस मोडू नका. उसाला मानवते ती पाणी धरणारी जमीन, आणि या झाडाला नको असते तीच. शिवाय हे झाड आपल्या देशात कुठे सुखाने राहिले आहे ते पाहा. कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांत, वायनाडला, तमिळनाडूत पळणीच्या डोंगरउतारावर. पाऊस तिथे भरपूर, पण उतार आहे आणि उन्हाळा सौम्य आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकला की बारीक फळे गळतात. हास वाण तर थंड हवेचेच. सपाटीच्या उन्हात पहिला पैसा त्यावर लावू नये असे माझे मत आहे. तडियानकुडिसै येथील केंद्राचे 'टीकेडी-१' आणि कूर्गमधल्या चेट्टळ्ळी केंद्राचे 'अर्का सुप्रीम' ही दक्षिणेतली निवडलेली वाणे आहेत. दोन-दोन कलमे आणा, घरामागच्या निचऱ्याच्या जागी लावा आणि तीन पावसाळे, तीन उन्हाळे काढू द्या. अर्धा एकर कुठे पळून जात नाही.

दोन वाणे का, तर याच्या फुलाची तऱ्हा न्यारी आहे. एकच फूल एकदा मादी म्हणून उमलते, मिटते, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून उमलते. काही वाणांत मादीची वेळ सकाळची, काहींत दुपारची. दोन्ही जातीची झाडे शेजारी असली तर फळधारणा सुधारते. एकटे झाडही फळते, पण कमी. कलमे घेतानाच विचारून घ्या. आणि हजारो फुले गळालेली पाहून घाबरू नका, शंभरात एकही टिकत नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. याची पाने, साल आणि बी जनावरांना विषारी आहेत. दुभत्या शेळीने पाला खाल्ला तर कास सुजते, दूध आटते. जास्त खाल्ला तर हृदयाला इजा होऊन जनावर दगावते. गाय, घोडा, कोंबड्या यांनाही बाधते. परसातल्या झाडाला कुंपण हवेच, आणि छाटलेली फांदी 'हिरवी आहे, टाका शेळीपुढे' असे पोरांनी करता कामा नये.

फळ झाडावर पिकत नाही. वाढ पूर्ण झाली की एक फळ देठासकट कापून घरात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत न सुरकुतता मऊ पडले तर बाकीची काढायला हरकत नाही. सुरकुतले तर अजून थांबा. गर शिजवू नका, कडवट होतो. हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घालून कोशिंबीर करा. लिंबाने रंगही काळा पडत नाही. मुलांना दुधात साखर घालून आवडते.

राहता राहिले पेल्यातले रोप. ते टाकू नका. पाण्यातून काढून मोठ्या पिशवीत, वाळू आणि पोयटा घालून लावा. खोड पेन्सिलीएवढे झाले की चांगल्या झाडाची डोळकाडी आणून त्यावर पाचर कलम बांधून घ्या. सांधा जमला तर तुमचे पाचवे झाड घरचेच होईल. नाही जमला, तर काय झाले ते मला जरूर कळवा.